एका हातचीं चित्रें

मुलांनीं खेळ खेळावेत, यांत नवल तें काय? परंतु संगणकावरील खेळ मुलांनीं स्वतःच रचावा, ही गोष्ट आमच्या वयाच्या शिक्षकांस अजून नवलाचीच वाटते. तथापि ती आतां आमच्या शाळेंतहि घडूं लागली आहे. 'गोडो' नांवाचें खेळ रचण्याचें साधन २०१४ सालापासून सर्वांस मुक्त आहे; त्यास दाम पडत नाहीं, आणि शाळेंतील साध्या संगणकांवरहि तें बऱ्यापैकीं चालतें. त्यांतील गणिताचा व तर्काचा भाग मुलें एकमेकांस विचारून, चुकत-माकत शिकतात. ज्या ठिकाणीं त्यांची गाडी हमखास अडते, तें ठिकाण निराळेंच आहे. खेळास चित्रें लागतात. घर लागतें, झाड लागतें, वाट लागते, चालणारें माणूस लागतें. वर्गांत बरी चित्रकला येणारीं मुलें दोन-तीन. आणि चित्रें विकत घ्यावीं तर जवळ पैसा नाहीं. मग मुलें फुकट चित्रांच्या शोधास लागतात. आणि तेथून जें शिक्षण सुरू होतें, त्याविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावे, असें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनाकरितां इयत्ता नववींतील सहा विद्यार्थ्यांनीं असा एक खेळ करावयाचें मनावर घेतलें. कल्पना सर्वस्वीं त्यांची. एक मुलगी सकाळीं कळशी घेऊन घरून निघते. गांवची विहीर आटत आली आहे. टँकर केव्हां येईल याचा नेम नाहीं. आणि शाळेची घंटा होण्यापूर्वीं तिला घरीं पाणी भरून शाळा गांठावयाची आहे. ऊन वाढत जातें, कळशी हिंदकळते, आणि प्रत्येक धक्क्यास थोडें पाणी सांडतें. सहांपैकीं चौघे अशा गांवांतून येतात, जेथें मार्च उजाडला कीं ही गोष्ट खेळ राहत नाहीं. कल्पना ऐकतांच आम्हीं तीस संमति दिली.

पहिल्या आठवड्यांत मुलांनीं चित्रांचा मोठाच ढीग जमविला. घर एका ठिकाणचें, झाडें दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या, आणि टँकर चौथ्या. टँकर आणणारा विद्यार्थी तर फारच खुशींत होता. कारण तो टँकर खरोखरच सुरेख होता: पत्र्यावर उन्हाची चमक, चाकांवर धूळ, आणि मागें ठिबकणारा नळ. प्रत्येक चित्र एकेकटें पाहिलें तर त्यास नांव ठेवण्यास जागा नव्हती. परंतु सर्व चित्रें एका पडद्यावर मांडतांच कांहीं तरी बिनसलें. चार निरनिराळ्या लग्नांचीं वऱ्हाडें एकाच मांडवांत येऊन बसावीं, तशी त्यांची गत झाली. मुलांसहि तें जाणवलें. परंतु बिघडलें काय, हें कोणास सांगतां येईना. एक मुलगी एवढेंच म्हणाली, "सर, हा टँकर आपल्या गांवांत येऊंच शकत नाहीं. तो दुसऱ्याच गोष्टींतला आहे."

तिचें बोलणें खरें होतें. परंतु शिक्षकानें तेवढ्यावर थांबून चालत नाहीं. 'बरें दिसत नाहीं' हें नुसतें मत झालें. 'कां बरें दिसत नाहीं' हें सांगतां आलें, म्हणजे त्याचें ज्ञान होतें. म्हणून आम्हीं तीं सर्व चित्रें कागदावर छापून भिंतीवर ओळीनें लावावयास सांगितलीं, आणि मुलांस एकेक प्रश्न विचारीत गेलों.

पहिला प्रश्न: पाहणारा कोठें उभा आहे? घराचें छप्पर वरून दिसत होतें, म्हणजे पाहणारा उंचावर होता. टँकर मात्र अगदीं बाजूनें काढलेला, म्हणजे पाहणारा रस्त्याच्या कडेला उभा होता. एकच मनुष्य एकाच वेळीं गच्चीवर व रस्त्यावर असूं शकत नाहीं. दुसरा प्रश्न: ऊन कोणीकडून येतें? घराची सावली उजवीकडे पडे, झाडाची डावीकडे. दोन सूर्य असलेलें गांव कोणास खरें वाटावें? तिसरा प्रश्न: वस्तूची कड कशी आहे? कोठें जाड काळी रेघ, तर कोठें रेघच नाहीं. चौथा प्रश्न: रंग किती व कोणते? झाडाचा हिरवा भडक, गवताचा हिरवा मळकट. दोघांचें नातें लागेना. आणि पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: चित्र किती चौकोनांवर काढलें आहे?

या पांचव्या प्रश्नाचा थोडा खुलासा करणें जरूर आहे. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक चौकोनांची जाळी होय. त्यांतील एकेका चौकोनास पिक्सेल म्हणतात. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या किंवा जाळीच्या कापडावर टांके मोजून कशिदा भरणाऱ्या आमच्या भगिनींस ही विद्या फार दिवसांपासून ठाऊक आहे. सोळा टांक्यांच्या रुंदींत भरलेला मोर आणि बत्तीस टांक्यांच्या रुंदींत भरलेला मोर, दोन्ही मोरच. परंतु सोळांचा मोर ताणून बत्तिसांएवढा केला, तर त्याचा एकेक टांका दुप्पट जाड होतो, आणि शेजारच्या बारीक कामापुढें तो गोणपाटासारखा दिसतो. मुलांच्या ढिगांतील मुलगी १६ चौकोनांच्या मापाची होती, घर ३२ च्या मापाचें होतें, आणि टँकर तर चौकोन मोजतांच येणार नाहींत असा रंगविलेला होता. मुलगी फार लहान दिसते म्हणून कोणी तिला दीडपट ताणली होती. त्यामुळें तिचे कांहीं चौकोन जाड व कांहीं बारीक झाले होते. पिक्सेलचें चित्र मोठें करावयाचें तर दुप्पट, तिप्पट, असें पूर्णांकांनींच करावें, हा नियम मुलांनीं त्या दिवशीं भिंतीपाशीं उभें राहून आपला आपण शोधून काढला.

साधनें थोडीं असलीं म्हणजे एकरूपता आपोआप येते, असें या कलेचा इतिहास पाहतां दिसतें. जपानमधील निन्टेंडो कंपनीचा 'डाँकी काँग' हा खेळ १९८१ सालीं निघाला. त्यांतील नायक, जो पुढें मारिओ या नांवानें जगभर प्रसिद्ध झाला, तो शिगेरू मियामोतो यांनीं अगदीं थोड्या चौकोनांत बसविला. तेवढ्या जागेंत केस नीट काढतां येईनात, म्हणून त्यांनीं त्यास टोपी घातली. चेहरा उठून दिसेना, म्हणून मोठें नाक व मिशा दिल्या. पुढें १९८५ सालीं आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळांत आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच आहे. रंग तेवढा निराळा. त्या काळच्या यंत्रांत चित्रें सांठविण्यास जागा फार थोडी. तेव्हां एकाच चित्रानें दोन कामें करणें भाग होतें. आपल्या ठाणें-पालघरकडील वारली चित्रांतहि हाच गुण आहे. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन हे तीन आकार, आणि गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. एवढ्या सामग्रींत लग्न, शेत, शिकार आणि तारप्याचा नाच, सर्व कांहीं मावतें. २०११ सालीं पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांनीं हीच भाषा कागदावर व कापडावर आणून देशोदेशीं नेली. आमच्या मुलांची अडचण नेमकी याच्या उलट होती. त्यांच्यापुढें साधनांची टंचाई नव्हती. जगांतील लाखों चित्रें बोट दाबतांच त्यांच्या ओंजळींत पडत होतीं. जेथें टंचाई नियम घालून देत नाहीं, तेथें नियम आपणच घालून घ्यावा लागतो.

आतां येथें एक नाजूक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. शोधयंत्रावर जें सांपडलें तें फुकट, असा मुलांचा, आणि क्षमा असावी, पुष्कळ पालकांचाहि समज असतो. परंतु कुंपणावरून रस्त्यावर लोंबणारा पेरू रस्त्याचा होत नाहीं. आपल्या देशांत १९५७ सालचा प्रताधिकार कायदा आहे. चित्र काढतांच चित्रकाराचा त्यावर हक्क उत्पन्न होतो. त्याकरितां कोठें नोंद करावी लागत नाहीं. आणि तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरहि ६० वर्षें चालतो. मुलांच्या ढिगांतील दोन झाडें अशींच एका विकाऊ खेळांतून उचललेलीं निघालीं. ज्यानें तीं आणलीं त्यास आम्हीं कांहीं शिक्षा केली नाहीं. फक्त विचारलें कीं, तुझी चित्रकलेची वही कोणी न विचारतां प्रदर्शनांत आपल्या नांवावर मांडली, तर तुला कसें वाटेल? त्यानें तीं झाडें आपल्या हातानें काढून टाकलीं.

सारांश, फुकट निराळें आणि मुक्त निराळें. मुक्त चित्र म्हणजे जें धन्यानें स्वतः होऊन, कांहीं अटींवर, सर्वांस वापरावयास दिलें आहे असें चित्र. या अटी सर्वांस सहज कळाव्यात म्हणून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नांवाच्या संस्थेनें तयार परवाने करून ठेवले आहेत. ही संस्था २००१ सालीं अमेरिकेंत स्थापन झाली, व तिचे पहिले परवाने २००२ सालच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य प्रकार मुलांनीं पाठच करावे. 'सीसी-झीरो' हें २००९ सालीं निघालें. त्यांत चित्रकार आपला हक्क कायद्यानें शक्य तितका सोडून देतो. 'सीसी-बाय' मध्यें चित्र घ्या, बदला, परंतु कर्त्याचें नांव सांगा, एवढीच अट. 'सीसी-बाय-एसए' मध्यें नांव तर सांगावेंच, शिवाय त्या चित्रांत फेरफार करून तें प्रसिद्ध केलें, तर आपलेंहि चित्र त्याच अटींवर इतरांस मोकळें ठेवावें लागतें. 'एनसी' हीं अक्षरें असलीं तर व्यापारी उपयोग वर्ज्य; आणि 'एनडी' असलीं तर फेरफार वर्ज्य. खेळ करणारास हा शेवटचा प्रकार फारसा कामाचा नाहीं. कारण खेळांतील चित्राचा रंग नाहीं तर माप, कांहीं ना कांहीं बदलावेंच लागतें.

अशीं मुक्त चित्रें मिळण्याचीं ठिकाणें पुष्कळ आहेत. नेदरलंड्समधील केनी नांवाच्या चित्रकार-संस्थेनें हजारों चित्रें सीसी-झीरोखालीं खुलीं केलीं आहेत, आणि त्यांचे संच एकाच वळणाचे असल्यानें नवशिक्यांस तीं फार सोयीचीं पडतात. 'गेम-आयकॉन्स' या ठिकाणीं ढाल, चावी, कंदील, भाकरी अशा वस्तूंचीं हजारों एकरंगी चिन्हें आहेत. तीं सर्व एका घराण्यांतलीं दिसतात, आणि बहुतेकांस कर्त्याचें नांव दिलें कीं पुरतें. २००९ सालीं सुरू झालेलें 'ओपनगेमआर्ट' हें तर मोठें भांडारच होय. परंतु भांडार जितकें मोठें, तितका हातांचा घोळ अधिक. तेथें 'झाड' असा शब्द घालून शोधलें तर शेंकडों चित्रकारांचीं झाडें पुढें येतात, व 'घर' असा शब्द घातला तर आणखी शेंकडोंचीं घरें. आणि मुलें नेमकें असेंच शोधीत होतीं. आम्हीं त्यांस सुचविलें कीं, आधीं हात शोधावा, मग वस्तु शोधावी. ज्या संचांत घर, झाड, वाट व माणूस हीं चारहि एकाच वळणाचीं सांपडतील, तो संच प्रथम घ्यावा. आणि पुढें जें लागेल तें त्याच कुळांत हुडकावें.

अशा रीतीनें शोधतां शोधतां मुलें 'लिबरेटेड पिक्सेल कप' या नांवाशीं येऊन पोहोंचलीं. ही एक स्पर्धा होती. क्रिएटिव्ह कॉमन्स, मोझिला, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन व ओपनगेमआर्ट या चौघांनीं मिळून ती २०१२ सालीं भरविली. जूनमध्यें चित्रांची, आणि जुलैमध्यें त्या चित्रांवरून केलेल्या खेळांची. निरनिराळ्या चित्रकारांचीं मुक्त चित्रें एकमेकांशीं जुळत नाहींत, हीच जी आमच्या मुलांची अडचण, तीच दूर करण्याकरितां ही सर्व खटपट होती. यासाठीं त्यांनीं एक युक्ति केली. स्पर्धेपूर्वींच लेनिया झिमरमन, स्टीफन चॅलेनर इत्यादि कलावंतांकडून कांहीं मूळचीं चित्रें करवून घेतलीं, आणि त्यांच्या जोडीला एक नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. जमिनीचा एकेक तुकडा ३२ बाय ३२ पिक्सेलचा. पाहणारा अमुक कोनांतून पाहतो. प्रकाश असा पडतो. कड अशी काढावी. रंग या पेटींतले घ्यावे. नियम एक झाल्यामुळें हात अनेक असूनहि चित्रें एका हातचीं दिसूं लागलीं. स्पर्धा केव्हांच संपली. परंतु त्या नियमांस धरून लोक पुढेंहि चित्रें काढीत राहिले, आणि तो संच वाढत गेला.

आमच्या सहाजणांत येथें मोठा वाद माजला. तिघांस केनीचे संच हवे होते. ते स्वच्छ, ठसठशीत, आणि श्रेयाची अटहि नाहीं. तिघांस पिक्सेल कपाचा संच हवा होता. निकाल ज्या मुद्द्यावर लागला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. एका मुलीनें विचारलें, "आपल्याला जें लागणार आहे तें सगळें कोणत्या संचांत आहे?" पाहूं गेलें तों कोणत्याच संचांत नव्हतें. पिक्सेल कपाच्या पसाऱ्यांत दगडी किल्ला होता, धबधबा होता, उकळता लाव्हारससुद्धां होता. जनावरांत गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी, इतकेंच नव्हे तर दक्षिण अमेरिकेंतला लामाहि होता; परंतु वशिंडाचा बैल आम्हांस सांपडला नाहीं. राहाटाची विहीर नव्हती, पितळी कळशी नव्हती, बाभूळ नव्हती, पत्र्याची शाळा नव्हती, परकर-पोलक्यांतली मुलगी नव्हती, आणि पाण्याचा टँकर तर नव्हताच. ज्यांनीं हीं चित्रें दिलीं त्यांनीं आपापल्या ओळखीचें जग दिलें. त्यांचा यांत दोष नाहीं. परंतु जें तयार मिळतें तेवढ्यावरच आमचीं मुलें राहिलीं असतीं, तर त्यांच्या दुष्काळी गांवांत बर्फाळ देशांतलीं घरें उभीं राहिलीं असतीं, आणि त्यांची मुलगी किल्ल्याच्या खंदकांतून पाणी भरती. म्हणून ती मुलगी म्हणाली कीं, जें नाहीं तें आपणांस काढावें लागणार. तेव्हां ज्या संचाचे नियम लिहून ठेवलेले आहेत, तोच आपण घ्यावा. पुढें वाद राहिला नाहीं.

मग खरें काम सुरू झालें. मुलांनीं प्रथम त्या संचांतील रंग एकेक वेंचून त्यांची एक पट्टी केली, व ठरविलें कीं या पट्टीबाहेरचा रंग कोणीं वापरावयाचा नाहीं. 'जिंप' नांवाच्या मुक्त साधनांत चित्रास असें ठराविक रंगांतच बांधून ठेवतां येतें. नवें चित्र झालें कीं तें संचांतील दोन जुन्या चित्रांच्या मध्यें ठेवून, दहा पावलें मागें जाऊन पाहावयाचें. डोळा त्यावर अडखळला, तर पुन्हां हातीं घ्यावयाचें. विहीर तिसऱ्या खेपेस जमली. बाभळीस सात खेपा लागल्या. कारण तिची विरळ सावली चौकोनांत धरणें सोपें नाहीं.

सर्वांत कठीण काम मुलीच्या पोषाखाचें. या संचांतील माणसाचें एकेक चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलच्या चौकटींत असतें. तें चार दिशांस चालतें, आणि प्रत्येक दिशेचीं नऊ चित्रें असतात. म्हणजे नुसतें चालावयाचें म्हटलें तरी ३६ चित्रें. प्रत्येक पावलागणिक परकराची घडी निराळी पडावयास हवी. हें काम जिनें अंगावर घेतलें, तिला चित्रकला येते असें वर्गांत कोणी म्हणत नसे. तिची आई शिवणकाम करून घर चालविते. ही माउली प्रथम आमच्याकडे तक्रार घेऊनच आली कीं, पोर रात्रीं अकरा-अकरा वाजेपर्यंत खेळत बसते. आम्हीं तिला शाळेच्या संगणकावर तीं चित्रें दाखविलीं. तिनें बराच वेळ निरखून पाहिलें, आणि म्हणाली, "सर, परकर असा पडत नाहीं. घेर खालीं हवा, आणि चुणीला तीन रंग लागतात. एक उजेडाचा, एक कापडाचा, एक आंतला." त्यानंतर दोन रविवार ती आपल्या मुलीजवळ बसली. तीन छटांतच चुणी उभी करावयाची ही जी कशिद्यांतली हातोटी, ती या नव्या कलेस तंतोतंत लागू पडली. छत्तीस चित्रें पुरीं होण्यास तीन आठवडे लागले. तक्रार पुन्हां आली नाहीं.

राहिला टँकर. ज्या विद्यार्थ्यानें तो सुरेख टँकर आणला होता, त्याला तो टाकून देणें फार जड गेलें. त्यानें तो लहान करून पाहिला, रंग बदलून पाहिले. परंतु बाजूनें काढलेली वस्तु वरून काढलेली होईना. एके दिवशीं त्यानें शब्द सांगितले कीं चित्र काढून देणाऱ्या नव्या यंत्राकडून एक टँकर करवून आणला. दूरून तो पिक्सेलचाच वाटे. परंतु मोठा करून पाहतां त्याचे चौकोन कोठें लहान, कोठें मोठे, तर कोठें अर्धेच निघाले. आणि दुसऱ्या दिशेनें वळलेला टँकर मागितला तर अगदीं निराळाच टँकर आला. शेवटीं तो मुलगा शनिवारीं आपल्या गांवीं गेला, शाळेच्या गच्चीवर चढला, आणि खालीं उभा असलेला टँकर वरून पाहून कागदावर उतरवून घेऊन आला. त्यावरून त्यानें जो टँकर केला त्यास चमक नाहीं, धूळ नाहीं; आठ-नऊ रंगांचा साधा लांबोडा डबा आहे. परंतु तो त्या वाटेवरून येतो तेव्हां त्याच गांवचा दिसतो. पहिलें चित्र अधिक सुंदर होतें, हें आम्ही आजहि नाकारीत नाहीं. तें आमच्या गोष्टींत बसत नव्हतें, म्हणून ठेवतां आलें नाहीं. फुकटच्या चित्रास पैसा पडत नाहीं हें खरें. परंतु एकरूपतेस किंमत पडते, आणि ती अशी आवडत्या वस्तूवर पाणी सोडून द्यावी लागते.

या सर्व काळांत वर्गांत एक वही ठेविलेली होती. तिला मुलांनीं 'ऋणवही' असें नांव दिलें. कोणतें चित्र, कोणाचें, कोठून घेतलें, कोणत्या परवान्याखालीं, आणि आपण त्यांत काय बदललें, असे पांच रकाने तींत असत. चित्र घेतलें त्याच दिवशीं नोंद करावयाची, असा शिरस्ता होता. काम संपल्यावर नांवें आठवूं म्हणणारास तीं कधींच आठवत नाहींत. खेळ संपला म्हणजे पडद्यावर या वहीवरून केलेली नामावळि वर सरकत जाते. तींत ज्यांस आम्हीं कधीं पाहिलें नाहीं, पाहण्याचा संभवहि नाहीं, अशा परदेशस्थ चित्रकारांचीं नांवें आहेत. आणि अखेरीस परकराच्या चुण्यांकरितां एका आईचा आदरपूर्वक उल्लेख आहे.

प्रदर्शनाच्या दिवशीं खेळापुढें बरीच गर्दी होती. लहान वर्गांतील मुलांची तक्रार एवढीच कीं, कळशी फार सांडते. एका आजोबांनीं खेळ थांबवावयास सांगून, टँकर नेहमीं इतक्या लौकर येतो काय, असें विचारलें. चित्रांविषयीं मात्र दिवसभर कोणी एक अक्षर काढलें नाहीं. सहाजण थोडे हिरमुसले. तेव्हां आम्हीं त्यांस म्हटलें कीं, हीच तुम्हांस मिळालेली पावती समजा. पहिल्या आठवड्यांतला टँकर असता, तर येणारा प्रत्येकजण त्याच्याविषयींच बोलला असता. आज लोक पाण्याविषयीं बोलत आहेत.

आतां देण्याची गोष्ट तेवढी राहिली. पिक्सेल कपाचीं चित्रें सीसी-बाय-एसए या परवान्याखालीं आहेत. तेव्हां त्यांवरून केलेलीं आपलीं चित्रें प्रसिद्ध करतांना तींहि त्याच अटींवर मोकळीं ठेवणें मुलांस प्राप्त होतें. त्यांनीं तें आनंदानें केलें. इतकेंच नव्हे, तर विहीर, बाभूळ व टँकर हीं जीं चित्रें मुळापासून त्यांचीं स्वतःचीं, तींहि त्याच परवान्याखालीं ठेविलीं. आईबापांच्या संमतीनें, परंतु मुलांचीं नांवें बाहेर न देतां, वर्गाच्या नांवावर आम्हीं तीं भांडारांत ठेविलीं आहेत. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलगा किंवा मुलगी पडद्यापुढें दिसली कीं लगेच रागें भरूं नये. आधीं जवळ बसून, तें काय करीत आहे हें विचारावें. कदाचित् तुमच्या हातांतली एखादी विद्या त्यास हवी असेल. आणि विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याचें घ्याल तेव्हां विचारून घ्या, नांव सांगून वापरा, आणि जें कोठेंच मिळत नाहीं तें स्वतः काढून भांडारांत टाका. कोण्या दूरदेशींच्या मुलास उद्यां आपल्या खेळांत एक कोरडें गांव उभें करावयाचें झालें, तर राहाटाची विहीर आतां त्याला तेथें तयार सांपडेल. वशिंडाचा बैल अद्याप कोणीं काढलेला नाहीं. तें काम यंदाच्या नववीकडे सोंपवून आम्ही वाचकांची रजा घेतों.